डाव्या पायाची

माझं नाव कापशी.
हे एका चपलेचं नाव आहे, आणि त्या चपलेच्या गावाचं.
भरमू सातपुते ज्या दिवशी तिथून सुभाषनगरात परतला
त्या दिवशी त्याच्या पिशवीत कातड्याची गुंडाळी होती
आणि गुंडाळीत मी, ओली, कानांसकट मुठीएवढी.

चपला शिवणाऱ्याच्या घरी कुत्रं वाढवणं म्हणजे
मांजराला डेअरीत नोकरी देणं.
दारापासून मोरीपर्यंत कातडंच कातडं,
बाभळीच्या सालीचा वास, तेलाचा वास,
आणि मला नुकतेच दात फुटलेले.

तिसऱ्या रात्री मी चप्पल खाल्ली.
नवरदेवाची, डाव्या पायाची, सात वेण्यांची.
सकाळी भरमूनं ती उचलून उजेडात धरली,
माझ्याकडं बघितलं, पुन्हा चपलेकडं.
"दात चांगले हायत लेकीचे," एवढंच म्हणाला.
जेवण विसरून त्यानं दुसरी डावी केली
आणि खाल्लेली माझ्यापुढं टाकली. "ही तुझी."
त्यानंतर मी कशालाच तोंड लावलं नाही.
खरं सांगू, एकदा लावलं. ते कुणाला माहीत नाही.

गल्लीच्या मंडपात कर्ण्यावरून एक महाराज विचारायचे,
मनुष्यजन्म कशासाठी? सांगा, कशासाठी?
लोक गप्प.
कुत्र्याच्या जन्माबद्दल ते काहीच बोलले नाहीत,
म्हणून माझं मीच शोधायला बसले.

राखण? आमच्याकडून चोरानं न्यायचं काय, एक पाय?
भुंकणं? येणारा कोण ते मला आधीच कळतं.
तळव्याच्या दोन थरांत बी घातलं की चप्पल करकरते,
आणि प्रत्येकाची करकर निराळी.
दूधकट्ट्यावर धारोष्ण पिऊन आलेला पैलवान सावकाश वाजतो,
उधारी मागणारा नुसता टाचेवर.
शेजारची गोदाक्का अनवाणी येते, तिचा फक्त वास.
तीच विचारते, "भुंकत न्हाई, चावत न्हाई,
मग पाळलंयस कशाला रं?"
भरमू दोऱ्याला मेण लावता लावता म्हणतो,
"असू दे की. बसलेलं असतंय."

गेल्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला.
आधी चहा सांडला, मग वेणी चुकली,
मग सीपीआरच्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या
आणि त्यानं रापी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली.
भिंतीकडं तोंड करून बसायचा.
मीही बसायची.
भिंतीत काही नव्हतं, मी नीट बघितलं.

एका सकाळी कॉटखाली शिरले,
नऊ वर्षांची ती डावी ओढून काढली
आणि त्याच्या मांडीवर ठेवली.
मला काही सुचवायचं नव्हतं.
देण्यासारखं माझ्याकडं तेवढंच होतं.

बराच वेळ तो चपलेतले माझे दात मोजत राहिला.
मग हाक मारली, "तेजू, रापी काढ गं."
नात दहावीला, नखांना ओला रंग.
"आत्ता, आजोबा?"
"आत्ता. हिची उजवी करायची राहिलीया."

हात तिचे, बोलणं त्याचं. दीड महिना.
तीनदा कातडं वाया गेलं (मला दिलं नाही),
दोनदा ती रडली, एकदा तो.
झाली ती उजवी जरा वाकडी आहे
आणि डावीवर माझी नक्षी.
गिऱ्हाईक विचारतं, हा जोड केवढ्याला?
तेजू सांगते, "त्यो न्हाई विकायचा."

नवरदेवाचा पाय आठ नंबरचा, भरमूचाही आठ.
संध्याकाळी तोच जोड घालून तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो.
कर्ण्यावर महाराज यंदाही विचारतायत, कशासाठी?
आम्हाला ऐकू येतं, पण थांबता येत नाही,
गोळीची वेळ झालेली असते.

उजवी करकरते. डावी मुकी,
तिच्यातलं बी मी तिसऱ्या रात्रीच गिळलंय.
म्हणून त्या बाजूनं मी चालते,
डांबरावर माझी नखं वाजतात.
करकर, टकटक.
करकर, टकटक.